मस्टँग मस्टँगसारखी दिसावी म्हणून

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या गोल फिरणाऱ्या गाड्यांचा पत्रा तरी कंपनीचा असतो का रे?" आवाज तुटत होता, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. उद्यमनगरात ज्यानं जन्मभर डेंटिंगचं काम केलं, त्याच्या या प्रश्नाला सविस्तरच उत्तर द्यायला हवं.

तर, नाही. नॅसकार ही संस्था इथं ज्या मोटार शर्यती भरवते, त्यातल्या गाड्यांचा पत्रा कंपनीचा नसतो. आत पाइप वेल्ड करून केलेला सांगाडा असतो आणि २०२२ पासून तो सगळ्या संघांचा एकसारखाच आहे. वरचं अंग तर आता पत्र्याचंही नाही, कॉम्पोझिटचं आहे. ठोकून सरळ करायचा प्रश्नच नाही. तुटलेला भाग काढायचा, नवा बसवायचा. पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रं. शोरूममधल्या फोर्ड मस्टँगचं एक मडगार्डसुद्धा त्या गाडीवर सापडायचं नाही. पूर्वी संघांच्या वर्कशॉपमध्ये हातानं पत्रा घडवणारे कारागीर असायचे आणि त्यांनी केलेलं अंग साचे लावून तपासलं जायचं. ते काम तुम्हाला बघायला मिळालं असतं, तर तुम्ही दिवसभर तिथून हलला नसतात.

मग तुम्ही म्हणाल, आतलं सगळं एकच, तर मस्टँग काय आणि शेवरलेची कॅमेरो काय? मला मात्र फार फरक पडतो असं वाटतं.

२००१ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवरच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीला, नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेला. त्यानंतर नॅसकारनं सुरक्षेचा विषय मनावर घेतला आणि २००७ मध्ये नवी गाडी आणली. टप उंच केलं, ड्रायव्हरला दारापासून आत सरकवलं. माणसं वाचावीत म्हणून केलेल्या या बदलांबद्दल मला आदरच आहे. पण त्याबरोबर सगळ्या कंपन्यांना जवळजवळ एकच साचा लागू झाला. शेवरलेची इम्पाला, फोर्डची फ्यूजन, टोयोटाची कॅमरी. नाव झाकलं तर कुठली कुणाची ते कळेना. इथं घरंच्या घरं फोर्डवाली नाहीतर शेवरलेवाली असतात, बापाकडून मुलाकडे आलेली. त्यांनी कुणाकडे बघून ओरडायचं? आणि मूळ गाड्या कुठल्या, तर ऑफिसला जायच्या चार दारांच्या.

वाट सापडली ती दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत. तेव्हा तिला नेशनवाइड सिरीज म्हणायचे. २०१० च्या जुलैत डेटोनाला तिथं नवी गाडी उतरली. सुरक्षेचा सांगाडा तोच, पण फोर्डनं त्यावर मस्टँगचं अंग चढवलं आणि डॉजनं चॅलेंजरचं. दोन दारं, लांब बोनेट, रागावल्यासारखं तोंड. ती पहिली शर्यत इम्पालानं जिंकली. चालवत होता अर्नहार्टचा मुलगा, वडिलांचा ३ नंबर लावून, त्यामुळे त्या रात्री कुणालाच वाईट वाटलं नसेल. पण लांबूनही ओळखू येणारी गाडी पुन्हा ट्रॅकवर आली होती. पुढच्या वर्षीपासून ती गाडी पूर्ण हंगामभर धावू लागली आणि २०१३ मध्ये शेवरलेही तिथं कॅमेरो घेऊन आली. सगळ्यात वरच्या, म्हणजे कप स्पर्धेला मात्र अजून वेळ लागला. कॅमेरो २०१८ मध्ये आली आणि ऑस्टिन डिलननं तिच्यावर डेटोना ५०० ही मानाची शर्यत जिंकली. मस्टँग २०१९ मध्ये आली; हंगामातल्या दुसऱ्याच शर्यतीत, अटलांटाला, केसेलोव्स्कीनं तिला जिंकवलं.

आता खरी सांगायची गोष्ट. मस्टँगनं वरच्या स्पर्धेतली शर्यत त्याच्या किती आधी जिंकली होती माहीत आहे? ६ ऑगस्ट १९७१ ला! आमच्या इथून दीड तासावर विन्स्टन-सेलम गाव आहे, तिथं बोमन ग्रे स्टेडियम. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट ट्रॅक. लोक इतके जवळ आणि इतके उंच बसतात की आपलं खासबाग मैदान आठवतं. त्या काळी मस्टँग, कॅमेरो अशा लहान गाड्यांची ग्रँड अमेरिकन नावाची वेगळी स्पर्धा होती. मोठ्या स्पर्धेत तेव्हा गाड्या कमी पडायला लागल्या होत्या, म्हणून काही शर्यतींना दोन्ही गट एकत्र पळवले. त्या दिवशी बॉबी अ‍ॅलिसननं मस्टँग आणली आणि रिचर्ड पेटीच्या मोठ्या प्लिमथला मागं टाकून जिंकला. इतक्या छोट्या, सपाट ट्रॅकवर हलक्या गाडीचा फायदा होणारच.

आणि विजय कुणाच्याच नावावर लागला नाही. गाडी दुसऱ्या गटाची, म्हणून अ‍ॅलिसनला नाही. आणि पेटी तर दुसरा आला होता. वर्षानुवर्षं त्या शर्यतीच्या नोंदीत विजेत्याची जागा रिकामी. पुढं त्याच वर्षी टायनी लंडनं अशाच मिश्र शर्यती कॅमेरोवर जिंकल्या, त्या त्याच्या खात्यावर लागल्या, म्हणून तर मला हे जास्तच खुपायचं. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅसकारनं तो विजय मान्य केला आणि अ‍ॅलिसनचे विजय ८४ चे ८५ झाले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ९ नोव्हेंबरला, तो वारला. वय ८६. त्याला हे जिवंतपणी ऐकायला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण इतका उशीर करायला नको होता.

त्याच्याही आधी, १९६९-७० मध्ये, डॉज आणि प्लिमथनं गाड्यांना टोकदार नाक आणि डिकीवर जवळजवळ दोन फूट उंच पंख लावला होता. तेव्हा नियम कडक होता: शर्यतीत जे पळवायचं ते गिऱ्हाइकालाही विकायचं. १९६९ साठी निदान ५०० गाड्या बांधाव्या लागत. म्हणजे तो पंख लावून माणसं खरंच बाजारहाट करत होती! १९७० च्या मार्चमध्ये टॅलाडेगा ट्रॅकवर बडी बेकरनं अशा डॉजनं ताशी २०० मैलांची मर्यादा ओलांडली. पुढच्या हंगामात त्यांच्या इंजिनावर इतकं बंधन आलं की त्या संपल्याच.

तो नियम मला आवडतो, अण्णा, आणि म्हणून आजची एक गोष्ट पटत नाही. शेवरलेनं २०२४ च्या मॉडेलनंतर कॅमेरो बनवणं थांबवलं. दुकानात ती मिळत नाही, तरी कप स्पर्धेत शेवरलेचे संघ तिचंच अंग चढवून पळतात. इथले काही मित्र म्हणतात, चांगली दिसते ना, मग राहू दे. मला वाटतं, सांगाडा सगळ्यांचा एक झाल्यावर रस्त्यावरच्या गाडीशी जे नातं उरलंय, ते बाहेरच्या रूपाचंच आहे. गाडीच बंद झाली, तर कंपनीनं आज विकते ती गाडी आणावी, मग ती कमी देखणी का असेना. यावर तुमचं मत मला कळवा. बंद पडलेल्या मॉडेलांचे पत्रे तुम्ही किती सांभाळून ठेवता ते मला माहीत आहे, तेव्हा तुम्ही मित्रांची बाजू घ्याल अशी धास्ती आहे.

इथल्या नॅसकारच्या संग्रहालयातल्या, हॉल ऑफ फेममधल्या, जुन्या गाड्यांचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवतो, मोठे करून बघा. आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
धाकटा