दोस्तीत गाडी विकताय? आधी आरसीवरचं नाव बदला

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सोलापुरात जुनी गाडी बरेचदा ओळखीतच विकली जाते. चहा पिता पिता भाव ठरतो, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सह्या करून कागद डिकीत टाकायचे, चावी द्यायची आणि नावावर करायचं काय, बघू की निवांत. हे निवांत काही उगवत नाही. लोकांना वाटतं धोका गाडी विकत घेणाऱ्याला, इंजिन खराब निघालं तर काय वगैरे, पण माझं म्हणणं असं की जास्त अडकतो तो विकणारा, आणि त्यालाच पत्ता नसतो.

विजापूर रोडला आमच्या ओळखीतल्या एकाने मित्राला कार दिली, पैसे मिळाले, विषय संपला. मग ह्यांच्या मोबाईलवर ई-चलनाचे मेसेज सुरू, कधी पुण्यातला सिग्नल कधी हायवेवर ओव्हरस्पीड, फास्टॅगचे पैसे पण ह्यांच्याच खात्यातून कटतायत. मित्राला बोलावं तर 'एवढ्याशा पैशासाठी फोन करतो का', आणि नाही बोललं तर खिशाला कात्री. चलन तरी किरकोळ हो. अपघात झाला आणि समोरचा माणूस गेला तर भरपाईच्या केसमध्ये आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये हेच सांगितलंय, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं, जबाबदारी त्याच्यावरच आली.

कायद्यात मुदत दिलेली आहे. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसात आरटीओला कळवायचं, तो फॉर्म २९, आणि घेणाऱ्याने ३० दिवसात नावावर करायचा अर्ज द्यायचा, तो फॉर्म ३०. इन्शुरन्स पण घेणाऱ्याला १४ दिवसात आपल्या नावावर करून घ्यायला कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर मिळत नाही, भाव करताना हे धरा. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा मगच टोकन घ्या.

बाकी मित्र असला तरी एक साधा कागद कराच, त्यात गाडी नंबर, चासी नंबर, किलोमीटर, किती पैसे दिले किती राहिले, आणि गाडी ताब्यात दिली ती तारीख आणि वेळ, वेळ लिहाच कारण त्याच संध्याकाळी काही झालं तर तीच कामाला येते. पैसे बँकेतून द्या, दोन लाख किंवा जास्त रोख घेणं तसंही कायद्यात बसत नाही. थोडी रक्कम आरसीवर नवीन नाव येईपर्यंत मागे ठेवली की दोघंही आरटीओला वेळेवर येतात, हा माझा अनुभव. आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

एक विनंती, आपल्या पेपरात छोट्या जाहिरातींमध्ये जुन्या गाड्या असतात, त्याच्या खाली ही १४ आणि ३० दिवसांची ओळ छापता आली तर बघा.

एक वाचक, जुळे सोलापूर