औषधाच्या बाटलीआधी प्रश्न विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

सोलापुरात मासे पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे आभार. ‘मासा विचित्र वागतोय’ म्हणत कुणी दुकानात आलं की निळं औषध काढायच्या आधी तुम्ही विचारता, ‘एकच मासा की सगळे? पाणी कधी बदललं?’

सगळेच मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर प्राणवायू कमी पडतोय, हे तुम्ही शिकवलंत. रात्रभर टाकीतल्या वनस्पतीही तो वापरतात. त्यात आपला एप्रिल-मे! ३२ अंशांच्या पाण्यात २५ अंशांपेक्षा प्राणवायू दहा टक्क्यांहून अधिक कमी मावतो, आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली. झाकण काढा, एअर पंप रात्रीही चालू ठेवा, टेबल फॅनचा झोत पाण्यावर सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी दोन-तीन अंश तरी उतरतं. बर्फ थेट टाकायचा नाही, अचानक गारठ्याने मासा जास्त बिथरतो. गुरामी आणि फायटर मात्र मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांची काळजी नको.

पाणी बदलल्यावर तासाभरात सगळे दगडांवर अंग घासू लागले, की संशय क्लोरीनवर. नळाचं पाणी उघड्या पिंपात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून २४ तास ठेवायचं, नाहीतर मापाने अँटीक्लोरीन घालायचं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, बहुधा चढा. पीएच ८ असेल तर माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा पीएच ७ च्या मानाने नऊ-दहा पट होतो. म्हणून नव्या टाकीत मासे कल्ले लाल करून धापा टाकू लागले, तर दोन दिवस खाणं बंद आणि रोज पाव टाकी पाणी बदल. हा अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला की ते मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे तुम्ही किती जणांना किती वेळा सांगितलंत!

एकच मासा पर मिटून कोपऱ्यात बसला, तर आधी त्याला कोण हुसकावतंय ते पाहायचं. मग अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत का ते. हे ठिपके एका परजीवीचे; तो कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच मरतो. ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध थांबवलं, तर आठवड्याभरात ते परत दिसतात.

बाटली देऊन दोन मिनिटांत गिऱ्हाईक वाटेला लावता आलं असतं. तुम्ही प्रत्येकाला अर्धा-अर्धा तास दिलात, त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
सोलापुरातले मासे पाळणारे