बाल्द्यूसचं नाव राहून गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या फोटोग्राफीवरचा लेख आवडला, पण त्यातलं एक वाक्य अजिबात पटलं नाही, की त्या काळी कॅमेऱ्यासमोर जे असेल तेच जसंच्या तसं फोटोत उतरायचं. एदुआर बाल्द्यूसचं काम बघितलेला माणूस असं लिहिणार नाही.

बाल्द्यूस १८१३ साली प्रशियात जन्मला, १८३८ मधे पॅरिसला आला तो चित्रकार व्हायला. चित्रांनी काही नाव मिळालं नाही, मग फोटोग्राफीकडे वळला. १८५१ मधे फ्रेंच सरकारच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने देशभरातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला पाच जण निवडले, बाल्द्यूस, ले ग्रे, ले सेक, मेस्त्राल आणि बायार. त्या दौऱ्यात बाल्द्यूसने दक्षिणेत आर्ल इथल्या साँ-त्रोफीम चर्चच्या मठाचा, आतल्या कमानींच्या ओवरीचा, फोटो केला. आता अडचण अशी की ओवरीत अंधार आणि बाहेर अंगणात लख्ख ऊन, आणि जवळचा खांब फोकसमधे घेतला की लांबचा धूसर, म्हणजे एका निगेटिव्हमधे हे सगळं मावणं शक्यच नाही. मग त्याने तब्बल १० निगेटिव्हचे तुकडे जोडून एक फोटो तयार केला! निगेटिव्ह कागदाची असायची, त्यामुळे तिच्यावर ब्रशही चालवता यायचा. मागची नको ती घरं-झाडं तो झाकून टाकायचा, कोऱ्या आभाळात ढग भरायचा. मला ही लबाडी वाटत नाही. इमारत नीट दिसावी म्हणून घेतलेली मेहनत आहे ती, चित्रकाराचा हात होता तो इथे कामी आला.

आयोगाने मात्र पाचही जणांचं ते काम ना छापलं ना लोकांना दाखवलं, ठेवून दिलं खणात. याचा मला खरंच राग येतो.

बाल्द्यूसला पुढे कामं भरपूर मिळाली. १८५५ मधे रेल्वे कंपनीने राणी व्हिक्टोरियाला भेट दिलेला उत्तरेकडच्या रेल्वेमार्गाचा अल्बम त्याचाच, आणि तिसऱ्या नेपोलियनच्या नव्या लूव्रचं बांधकाम चालू असताना तिथला पुतळा न् पुतळा, नक्षी न् नक्षी त्याने टिपली, दोन हजारांच्या घरात फोटो. १८५६ मधे रोन नदीला मोठा पूर आला तेव्हा लिऑन, अव्हिन्यों, तारास्कोंला जाऊन त्याने फोटो काढले, त्यात रडणारी माणसं नाहीत, नुसतं साचलेलं पाणी आणि पडलेली घरं, तरी बघताना पोटात कालवतं. एवढं करून १८८७ मधे दिवाळं निघालं आणि १८८९ मधे तो गेला.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने १९९४ मधे त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, आणि त्यांच्या संग्रहातले त्याचे फोटो आता साईटवरून फुकट घेता येतात, छापायलाही परवानगी लागत नाही. तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत बाल्द्यूसवर स्वतंत्र लेख द्या आणि सोबत पुराचा एक तरी फोटो अर्ध्या पानावर छापा, कडा न कापता.

आपला,
एक नियमित वाचक