जनगणनेत भाषांना दोनचीच मर्यादा का?

महोदय,

जनगणनेत मातृभाषेव्यतिरिक्त अवगत असलेल्या जास्तीत जास्त दोनच भाषा नोंदवल्या जातात. त्यामुळे एखाद्याने शिकलेल्या भाषांचा संच किती दुर्मीळ आहे, याचा अंदाज त्या आकडेवारीवरून बांधता येत नाही. २०११च्या जनगणनेने दहा हजार वा अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा दाखवल्या. त्यांतून तीन-तीन भाषांचे २,८७,९८० संच संभवतात. मात्र भाषा शेजार, शाळा आणि पोटापाण्याच्या गरजेने एकमेकींसोबत येत असल्याने हे संच सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी बोलणारा दुकानदार भुलेश्वरात सहज भेटतो, त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. उलट मराठी, पाली आणि अवेस्ता (पारशी धर्मग्रंथांची प्राचीन भाषा) या तीनच भाषा जाणणारा अभ्यासक, या भाषांच्या अध्ययनाची परंपरा मुंबईत असूनही, विरळाच. (आपल्याकडे कौतुक मात्र नेहमी येणाऱ्या भाषांच्या संख्येचे होते!) २०२७च्या जनगणनेत ही दोनची मर्यादा उठवावी आणि घरात कानावर पडून आलेली भाषा व प्रयत्नपूर्वक शिकलेली भाषा यांची स्वतंत्र नोंद व्हावी. प्रगणकांचे काम त्याने थोडे वाढेल, हे मान्य.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई