गूजला कोंबडीचा न्याय नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळनिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत अख्खा गूज, म्हणजे पाळीव हंस, भट्टीत भाजण्याची कृती प्रसिद्ध झाली, याचा आनंद झाला. कारण सणाचा सामिष बेत म्हटला की आपल्याकडे लेखणी सहसा कोंबडी-मटणापलीकडे जात नाही. मात्र ती कृती वाचताना असे जाणवले की कोंबडीचीच कृती घेऊन तिच्यात पक्ष्याचे नाव तेवढे बदलले आहे. कातडीला भरपूर लोणी चोळावे आणि छातीचे मांस आतून किंचित गुलाबी राहू द्यावे, या तिच्यातील दोन्ही सूचना मला अयोग्य वाटतात, आणि दुसरी तर खानदेशात छापायलाच नको होती.

गूज हा पाण्यावर वावरणारा पक्षी असल्याने अंगात ऊब टिकावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. त्यावर आणखी लोणी चोपडणे म्हणजे घाणीवाल्याच्या घरी तेल पाठवण्यासारखे आहे. येथे खरे कौशल्य चरबी घालण्यात नसून ती बाहेर काढण्यात आहे. पोटाच्या पोकळीतील चरबीचे गोळे आधी हाताने ओढून काढावेत. मग मांड्यांखाली आणि छातीवर सुई तिरपी धरून फक्त कातडी टोचावी, मांसाला भोक पडू देऊ नये. त्यानंतर कातडीवर उकळते पाणी ओतून, पक्षी पुसून, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात उघडा ठेवला की कातडी सुकते आणि पुढे कुरकुरीत होते. साडेचार किलोंच्या आसपासचा पक्षी जाळीवर ठेवून प्रथम २२० अंश सेल्सिअसला वीस-पंचवीस मिनिटे आणि नंतर १६० ते १७० अंशांवर सुमारे अडीच तास भाजावा, आणि मधूनमधून खालच्या ताटातील वितळलेली चरबी काढून घ्यावी. ही चरबी फेकू नये. तिच्यात परतलेले बटाटे पाहुणे आधी संपवतात. बाहेर काढल्यावर अर्धा तास तरी सुरी लावू नये.

घरगुती ओव्हनमध्ये एवढा पक्षी बहुधा मावत नाही. तेव्हा तंगड्या आणि छाती वेगळी करून भाजावी, किंवा दिवाळीत जिथे नानकटाईचे ताट नेतो त्या बेकरीवाल्याला विचारावे. काही बेकरीवाले बिस्किटांच्या भट्टीत मांस घालू देत नाहीत, आणि ते त्यांचे बरोबरच आहे.

आता गुलाबी मांसाविषयी. युरोपातील उपाहारगृहांत बदकाची छाती तशी वाढतात, हे खरे आहे. पण भारतातील पाळीव पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला नोंदला गेला आणि तेथे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, ही गोष्ट येथे पाककृती छापणाऱ्याने विसरता कामा नये. बदके आणि हंस यांच्या अंगात हा विषाणू असूनही ते कित्येकदा आजारी दिसत नाहीत. त्यामुळे पक्षी तरतरीत होता म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मांस सर्व बाजूंनी, अगदी आतपर्यंत ७० अंशांच्या वर शिजले की विषाणू टिकत नाही. म्हणून मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश झाल्याची खात्री करावी. कच्चे मांस नळाखाली धुऊन ओट्यावर शिंतोडे उडवण्याची आपली सवयही येथे सोडलेली बरी. पक्षी ओळखीच्या पाळणाऱ्याकडूनच घ्यावा. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांकडे या निमित्ताने कोणाची नजर वळू नये म्हणून हेही सांगतो, की त्यांची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

मसाल्याबद्दल थोडे. काळा मसाला कातडीला चोळण्याचा मोह खानदेशी माणसाला होणारच, परंतु एवढा वेळ भट्टीत राहून तो करपतो आणि कडवट लागतो. तो मान, पंख आणि कलेजी-पेट्याच्या रश्श्यासाठी राखून ठेवावा. असा रस्सा आणि कळण्याची भाकरी असली की गूजच्या हाडांमुळे कमी पडणारे मांस कोणाला जाणवत नाही, कारण एवढा मोठा दिसणारा पक्षी सहा-आठ जणांनाच पुरतो आणि आपल्याकडे सणाची पंगत तेवढ्यावर थांबत नाही. युरोपात या तेलकट मांसाबरोबर आंबट सफरचंद किंवा तांबडी कोबी देतात. आपल्याकडे डिसेंबरात बोरे आणि आवळे मुबलक असतात. त्यांची गूळ घालून केलेली आंबटगोड चटणी माझ्या मते सफरचंदापेक्षा सरस ठरेल.

अनेक घरांत पुरवणीतील पाककृतींची कात्रणे जपून ठेवली जातात आणि सणाच्या दिवशी तीच ओट्यावर उघडली जातात. तेव्हा इतर काही नाही तरी छातीचे मांस गुलाबी ठेवण्याची सूचना मागे घेतल्याचे आणि ७४ अंशांचे प्रमाण नाताळपूर्वीच्या अंकात ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, भुसावळ