एक मीटर ओळीचं वजन

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. कुट्टीयंत्र सारखं तुंबतंय आणि तू दर वेळी खाली उतरून पिकअपमधलं, म्हणजे जमिनीवरून गवत उचलणाऱ्या भागातलं, गवत हाताने ओढून काढतोस, हे वाचलं आणि तिथेच अडकलो. बाकीचं नंतर लिहितो, आधी हे ऐक. पात्यांचा ड्रम जड असतो. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरवरून यंत्र फिरवणारा दांडा, बंद केला तरी तो स्वतःच्या वजनाने बराच वेळ फिरत राहतो. म्हणून इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि ड्रम पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. एवढं मला कबूल कर. कापलेलं गवत किती रुंदीतून एका ओळीत ओढायचं, याचा मी एवढा पाठपुरावा करतो तो यासाठीच: यंत्र जितक्यांदा तुंबेल तितक्यांदा तुझा हात पात्यांजवळ जाणार.

गवत आत ओढणारे रोलर बदलू का, असं तू विचारलंयस. आत्ताच नको. तू जे लिहिलंयस त्यावरून मला तरी दोष ओळीचा वाटतो.

माझ्या पहिल्या हंगामात मीही तुझ्यासारखंच केलं होतं. दाताळं, म्हणजे पसरलेलं गवत ओढून ओळ करणारं अवजार, थेट साडेसात मीटरपर्यंत उघडलं. ओळी कमी, म्हणजे फेऱ्या कमी, म्हणजे डिझेल कमी, असा विचार. तो हिशेब खोटा नव्हता. दर 3 मीटरला एक ओळ घातली तर हेक्टरमागे सव्वातीन किलोमीटरच्या वर चालावं लागतं, 6 मीटरला घातली तर त्याच्या निम्मं. पण पहिल्या कापणीचं गवत दाट होतं. दुपारपर्यंत शिअर बोल्ट, म्हणजे फार ताण आला की यंत्र वाचवायला तुटणारा बोल्ट, चारदा तुटला. दर वेळी क्रम तोच. आधी ड्रमचा आवाज खाली जायचा, मग नळीतून उडणारी कुट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत पोचेनाशी व्हायची, पुढच्या पुढेच पडायची, आणि पाठोपाठ टक्‌कन आवाज. पुढच्या कापणीला मी धास्तावून अगदी बारीक ओळी केल्या, तर वेगळंच दुखणं. रोलरना दाबून धरायला पुरेसं गवतच मिळेना, काड्या आडव्या होऊन आत जायला लागल्या आणि कुट्टीत वीत-वीतभर लांबीचे तुकडे दिसायला लागले. असा चारा नीट दाबला जात नाही, मधे हवा राहते आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, तापतो. यंत्राचं पोट भरावं म्हणून मी वेग वाढवला, तर पिकअप उड्या मारायला लागला आणि मागे गवत सांडत गेलं.

मग मी एक साधी गोष्ट केली, तीच तुला करायला सांगतोय. यंत्र लावायच्या जरा आधी ओळीवर एक मीटरची काठी ठेव. दोन्ही टोकांना विळ्याने ओळ सरळ काप, मधलं सगळं गवत गोणीत भर आणि काट्याला टांग. शेतात तीन-चार ठिकाणी हे करून सरासरी काढ. एका मीटरला जितके किलो, तितकेच एका किलोमीटरला टन. त्याला ट्रॅक्टरच्या ताशी किलोमीटरने गुणलं की तासाला किती टन गवत यंत्राच्या तोंडी जातंय ते कळतं. मीटरला 9 किलो आणि वेग 6, म्हणजे ताशी 54 टन. माझ्या यंत्राला हे झेपणारं नव्हतंच. तरी मी त्याला दोष देत बसलो होतो.

यंत्राला झेपतं किती, तेही शेतातच काढ. ड्रमचा आवाज एकसारखा राहील अशा वेगाने एक ट्रॉली भर, वेळ मोज, ट्रॉलीचं वजन कर. माझी 5 टनांची ट्रॉली साडेसात मिनिटांत भरली, म्हणजे ताशी 40 टन. साडेपाचच्या वेगाला मीटरमागे सव्वासात किलो झाले. पाती बोथट असतील किंवा ती आणि स्थिर पातं यांच्यातली फट वाढली असेल तर हा आकडा खाली येतो, म्हणून मोजायच्या आधी पाती घासून घे.

आता खरी गंमत. हे सव्वासात किलो कायम राहतात, बदलते ती गोळा करायची रुंदी. पहिल्या कापणीला माझं सुकवलेलं गवत हेक्टरी 15 टन होतं, म्हणजे चौरस मीटरला दीड किलो. तिथे दाताळं पावणेपाच-पाच मीटरच हवं. दुसऱ्या कापणीला ते हेक्टरी 9 टनांवर आलं, तेव्हा तीच ओळ व्हायला आठ मीटर लागले, आणि मी दोन ओळी एकत्र केल्या. तू दोन्ही कापण्यांना दाताळं एकाच खुणेवर ठेवलंयस. सुकण्याचाही यात हात आहे. हेक्टरी 25 टन ओलं गवत, त्यात पाचवा हिस्सा कोरडा अंश. तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत येईस्तोवर सुकवलं की तेच 15 टन भरतं. सकाळी घाई करून ओळी ओढल्यास तर पाण्याचं ओझं यंत्राच्या माथी.

ओळीची स्वतःची रुंदी हा निराळा विषय. ती पिकअपपेक्षा थोडी कमी हवी, म्हणजे कडा बाहेर राहत नाहीत. मध्ये शिखर आणि दोन्हीकडे उतार अशी रास नको. गादीसारखी सपाट, सारख्या जाडीची ओळ हवी. दाताळ्याचा, ओळीची कड अडवणारा पडदा आत-बाहेर करून ते साधतं. दाते फार खाली उतरवू नकोस, माती आणि खडे ओळीत येतात. खडे पाती खातात, माती मुरघास नासवते.

शिवाय तुझं यंत्र ओढीचं, ट्रॅक्टरच्या बाजूला चालणारं. ट्रॅक्टरची चाकं दोन ओळींच्या मधून जायला जागा हवी, नाहीतर शेजारची ओळ तुडवली जाते आणि तुडवलेलं गवत पिकअप नीट उचलत नाही. कडेला वळताना पीटीओचा शाफ्ट फार वाकू नये, म्हणून तिथल्या ओळी आधी उचल आणि वळायला मोकळी जागा कर.

परवा ओळी ओढणार आहेस ना? निघण्याआधी काठी, विळा, गोणी, काटा गाडीत टाक. आकडे आले की फोन कर, दाताळं कितीवर ठेवायचं ते दोघं मिळून ठरवू.

तुझाच