बंड्यास पत्र : डोंगराआधी ग्रुप बघ

इंदूर

प्रिय बंड्या,

ग्वाल्हेरचं बिऱ्हाड हलवून श्रावणात कायमचा इकडे येतोयस, हे वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. आल्या आल्या आमच्या रविवारच्या मंडळींबरोबर डोंगर चढायचा म्हणतोस, म्हणून हे सविस्तर लिहितोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

पावसाळ्यात डोंगरावर नेणारे ग्रुप इथे पैशाला पासरी झालेत. फोटोत धबधबा आणि खाली भाडं, नाश्ता, मौजमस्ती. नाव नोंदवताना ते आपल्याला काय विचारतात, तेवढं बघ. वय, औषधं, गुडघे, सध्या किती चालता, घरच्या कुणाचा नंबर. जो नुसते पैसे मागतो त्याच्या वाटेला जाऊ नकोस. मग विचार, सगळ्यात मागे कोण चालतं? पुढे मिरवायला हौशे पुष्कळ मिळतात. दमलेल्या माणसाच्या चालीनं मागे चालणारा मिळायला नशीब लागतं. आमच्यात हे काम बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई करतात. वाटेला फाटा आला की पुढचे थांबतात, बाई येऊन डोकी मोजतात, मगच पाऊल पुढे. तरुण पोरं कुरकुरतात. कुरकुरोत बापडी.

निघण्याआधी बाई प्रत्येकाचे बूटही बघतात. परवा एक गृहस्थ माळ्यावर जपून ठेवलेले भारी बूट घालून आले. बाईंनी वाकून अंगठ्यानं सोल दाबला, तर कडेनं भुगा गळायला लागला. नुसते पडून राहिले तरी काही बुटांचे सोल आतून कुजतात आणि चालताना अख्खे निघून येतात. गृहस्थांना गोड बोलून घरी पाठवलं. तेव्हा बूट आत्ताच घे. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे बोटांना जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि इकडे येईपर्यंत रोज घालून बाजारात जा.

सुरुवात जानापावनं करू. महूच्या पुढे, परशुरामाचं जन्मस्थान म्हणतात ते. तुमच्या चंबळेचं माहेरही तेच. उंची साडेआठशे मीटरच्या आसपास, पण आपलं पठारच साडेपाचशेचं, त्यामुळे प्रत्यक्ष चढ फार नाही. शिवाय वरपर्यंत गाडीरस्ता आहे. दम लागला तर लाज न बाळगता गाडीत बसता येतं. वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब दिला : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास. तो धडधाकट माणसाचा. आपल्यासाठी त्याची दीडपट धर, चिखल असला तर आणखी.

पाताळपाणीचा धबधबा आणि तिथून रेल्वे उतरते ती कालाकुंडची दरी नंतर. दरी देखणी आहे, पण चोरल नदीशी मस्करी नको. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला लोंढा आला आणि सहलीला आलेलं कुटुंब वाहून गेलं, ते टीव्हीवर तूही पाहिलं असशील. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस कोसळलेला असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज वाढला, की फोटो राहू दे आणि तडक चढाकडे पळ. पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी ओढ असेल तर ओलांडायचं नाही. काळ्या दगडावर शेवाळ असतं, तिथे भले भले घसरून आपटतात. तिथल्या रेल्वेच्या रुळांवरून चालत नेणारे ग्रुपही मी वर्ज्य मानतो. एक तर ते बेकायदेशीर, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा कुठे असते?

आता तुझी साखर. आधी डॉक्टरांना भेट, त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते विचार. उपाशीपोटी चढलास तर साखर उतरेल. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो. ग्लुकोजची पुडी सॅकच्या तळाशी नको, शर्टाच्या खिशात हवी. आणि बाईंना आधी सांग. तू लपवशील, म्हणून मीच सांगणार आहे. पाणी दोन-तीन लिटर घे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजपंचे नाही. साप चावलाच कुणाला, तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय न हलवता उचलून थेट इस्पितळ. दरीत उतरलं की रेंज जाते, म्हणून ११२ लावायचा तर आधी उंचावर कुणाला तरी धाडावं लागतं.

वहिनींना सांगून ठेव की अंधाराआधी परत येतो. उशीर झालाच तर बाईंना फोन करायचा, त्यांचा नंबर मी वहिनींना देतो. डॉक्टर काय म्हणाले ते कळव, मग तुझं नाव घालतो.

तुझा,
दत्तू

ता. क. : जीन्स घालून येऊ नकोस. भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटून निघतात.